यजमान आणि मंडळी

मराठीत ‘यजमान’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. दारी आलेल्याचे स्वागत करणारा तो यजमान, आणि स्त्रीचा पती तोही यजमान. ‘यजमान गावाला गेले आहेत’ असे शेजारीण सांगते तेव्हा ती कोणत्या अर्थाने बोलते आहे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ‘मंडळी’ या शब्दाचीही अशीच दुहेरी रीत आहे. चार माणसे एकत्र आली की ती मंडळी; आणि जुन्या पिढीतला गृहस्थ ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हणे तेव्हा त्याला अभिप्रेत असे ती एकटी पत्नी. आतिथ्य करणारा माणूस आणि सोबतीचा समूह, या दोन्ही कल्पना मराठीने अशा रीतीने विवाहसंबंधात नेऊन बसवल्या आहेत. ज्याला पत्नी नाही त्याला मंडळी नाही, आणि जिला पती नाही तिच्या घरी यजमान नाही.

हा शब्दांचा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा, आणि सहधर्मचारिणीवाचून त्याचे यज्ञकर्म पुरे होत नाही. ज्या रामाच्या नावावर नाशिकची पंचवटी उभी आहे, त्या रामालाही अश्वमेधाच्या वेळी सीतेच्या जागी सुवर्णप्रतिमा बसवावी लागली. राजा असून तो एकटा यजमान होऊ शकला नाही. मग तुमच्या-आमच्यासारख्या एकट्या माणसांची कथा काय! आपल्या घरोघरीचे आतिथ्य आजही या नियमाला धरून चालते. जेवायला घालायचे ते मेहुण. कुळाचाराला बोलवायची ती सवाष्ण. लग्नपत्रिकेवर छापायचे ते ‘सहकुटुंब सहपरिवार’. अविवाहित पुरुषाला भाषेने ‘सडाफटिंग’ म्हटले, आणि मुंज होऊन लग्नाआधीच मेलेल्याला मुंजा करून पिंपळावर बसवले. निदान त्याला झाड तरी मिळाले. एकट्या बाईला तेही नाही.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. मी एकटी राहते, नाशिकमध्ये राहते, आणि बरीच वर्षे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवीत आले आहे. मी ख्रिस्ती नाही. तरीही एकटेपणाचा विचार करताना मला वारंवार मराठी ख्रिस्ती समाजाकडे आणि त्याच्या भाषेकडे वळावेसे वाटते, याचे एक कारण ‘मंडळी’ हा शब्दच आहे. मराठी बायबलमध्ये ग्रीक ‘एक्लेसिया’साठी ‘मंडळी’ हा प्रतिशब्द योजला गेला. इमारतीला देऊळ, मंदिर किंवा चर्च म्हणावे. माणसांच्या समूहाला मात्र मंडळी. ज्या शब्दाने घरचा पुरुष पत्नीचा उल्लेख करी, त्याच शब्दाने अनोळखी, विनानात्याच्या, निरनिराळ्या जातींतून आलेल्या माणसांचा समूह ओळखला जाऊ लागला. भाषांतरकारांच्या मनात हा श्लेष असेल असे मी म्हणत नाही. पण शब्द वापरणाऱ्यांना तो मिळाला खरा. ज्याला कोणी नाही, त्यालाही मंडळी आहे असे वाक्य मराठीत प्रथम शक्य झाले.

नाशिकपुरते बोलायचे तर आतिथ्याच्या दोन रीती या गावाने शेजारी शेजारी पाहिल्या आहेत. एक रीत गोदाकाठची. तीर्थाला आलेल्या यात्रेकरूला क्षेत्रोपाध्याय आपल्या घरी उतरवून घेतात, आणि त्यांच्या चोपडीत त्या घराण्यातल्या पूर्वी येऊन गेलेल्यांची नावे नोंदलेली असतात. गाव सांगा, आडनाव सांगा, की पणजोबांचे हस्ताक्षर समोर येते. तो क्षण भारावून टाकणारा असतो, हे मी नाकारणार नाही. आपण आलो आहोत ते कुणा अनोळखी गावी आलेलो नाही, आपली वाट आधीच कुणी चालून गेले आहे, असे वाटते. पण या आतिथ्याची अट त्या चोपडीतच लिहिलेली आहे. तिथे माणूस ओळखला जातो तो वंशाने. ज्याच्या नावापुढे मुलाचे नाव लिहिले जाणार नाही, त्याची ओळ तिथे थांबते.

दुसरी रीत गावाच्या पश्चिमेला, शरणपुराची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली. तिचे नावच शरण आलेल्यांचे गाव असे. जातीबाहेर पडलेली कुटुंबे, अनाथ मुले, आणि पुढे एक फारच वेगळा पाहुणा तिथे आला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेली जाणारी मुले ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवली. त्यांतली काही मुंबईमार्गे शरणपुरात पोचली. तिथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले गेले. १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टनने आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी नाशिकच्या शाळेतली मुले बरोबर घेतली. पुढे त्याच्या शोधार्थ गेलेल्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटिकेला हात लावणाऱ्यांतही होता. त्याच सुमारास प्राइस मोंबासाजवळ मुक्त गुलामांची नवी वसाहत उभारायला गेला, आणि नाशिक-मुंबईकडची ही माणसे तिचे पहिले रहिवासी झाली. तिचे नाव फ्रिअरटाऊन.

हे सारे निर्मळ परोपकाराचे होते असे मानण्याचे कारण नाही. साम्राज्य होते, धर्मांतराचा हेतू उघड होता, मुलांना नवी नावे दिली गेली आणि जुनी हरवली. पण मला इथे एवढेच दाखवायचे आहे की ज्यांचे नाव कुठल्याच चोपडीत सापडणार नाही अशांसाठी एका गावाने पंगत मांडली, आणि ती ‘आश्रिता’ची राहिली नाही. शरण आलेली मुले पुढे दुसऱ्या खंडात जाऊन नव्याने सुटून आलेल्यांचे यजमान झाली. शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो वाहने जातात. त्या नावाचा अर्थ वाहतुकीच्या गोंगाटात कुणाच्या कानी पडत असेल असे वाटत नाही.

आता लक्ष्मीबाईंकडे येतो. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरचा. आयुष्याची अखेरची वर्षेही नाशिकमध्ये गेली. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. आपल्याकडे हे पुस्तक वाचण्याच्या दोन वाटा मळलेल्या आहेत. एक, नारायण वामन टिळकांसारख्या लहरी, प्रतिभावान पुरुषाच्या संसाराची विनोदी कहाणी. दुसरी, धर्मांतराचा स्त्रीच्या बाजूने सांगितलेला इतिहास. दोन्ही वाटा योग्यच आहेत. परंतु तिसऱ्या रीतीनेही हे पुस्तक वाचता येते, आणि मला ती रीत अधिक सलग वाटते: ही एका स्वयंपाकघराची कथा आहे. कोण आत येऊ शकतो, कुणाच्या हातचे पाणी चालते, कुणाला ताट वाढायचे, या प्रश्नांपासून ती सुरू होते आणि त्याच प्रश्नांवर रेंगाळत पुढे जाते.

आठवा, सुरुवातीलाच वडील येतात. १८५७ नंतरच्या धामधुमीत आजोळी झालेल्या आघातानंतर त्यांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाजारातून आलेल्या जिनसा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. या प्रसंगांना आपण हसतो, आणि लक्ष्मीबाईंनी हसावे म्हणूनच ते लिहिले आहेत. पण थोडे थांबून पाहिले तर ते एका भयभीत, एकाकी माणसाचे चित्र आहे. जगाचा स्पर्शच नको असे ज्याला वाटते, त्याच्या घरी पाहुणा कसा येणार? भरल्या घरात, बायकामुलांत राहून हा माणूस विलक्षण एकटा आहे. लग्न झालेल्याला एकटेपण नसते या समजुतीला ‘स्मृतिचित्रे’ पहिल्या काही पानांतच सुरुंग लावते, पण आपले तिकडे लक्ष जात नाही.

मग १८९५ साल. फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह मागे राहिल्या. जवळजवळ पाच वर्षे ही ताटातूट चालली. त्यांची अवस्था भाषेला पेलवेल अशी नव्हती. पती हयात, म्हणजे त्या विधवा नव्हेत. पती जातीबाहेर, म्हणजे सवाष्ण म्हणून पाटावर बसवायला लोकांची मने धजेनात. आप्तांनी त्यांना सांभाळले, प्रेमाने सांभाळले. तरीसुद्धा या भागातली त्यांची वेदना वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्या कुणाच्या तरी घरी आहेत. आपल्या घरी नाहीत. त्यांना मिळते आहे, देता काही येत नाही. पाच वर्षांचा तो काळ पाहुणपणाचा काळ आहे. एकटेपणाची ही बाजू आपल्या चर्चेत फारशी येत नाही. कुणी विचारीत नाही, कुणी बोलावीत नाही, ही तक्रार सर्वांना ऐकू येते. आपण कुणाला बोलावू शकत नाही, ही उणीव मात्र सांगायलाही लाज वाटते, कारण ती वरवर पाहता उणीवच वाटत नाही.

टिळकांकडे परतल्यावरही त्यांनी लगेच सारे सोडले नाही. सोवळे, वेगळा स्वयंपाक, पाण्याची वेगळी व्यवस्था, आणि टिळकांनीही त्याला हरकत घेतली नाही. हळूहळू, एका एका पायरीने, त्यांच्या मनातला विटाळ गळत गेला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते या कथेचा कळस बाप्तिस्म्याच्या विधीत नाही. तो त्या घरात पुढे जेवून गेलेल्या माणसांच्या संख्येत आहे. दुष्काळात पोरकी झालेली मुले, शिकायला आलेले तरुण, बोलावलेले, न बोलावलेले. सोवळ्यात वाढलेल्या मुलीचे स्वयंपाकघर अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) अक्षरशः धर्मशाळा होऊन गेले.

या धर्मशाळेत काही काळ राहून गेलेला एक पाहुणा मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुढे टिळकांनी त्यांना आपल्या घरी आणले. बालकवींच्या निसर्गकवितेवर आपण भरभरून लिहितो, त्यांच्या उदासीनतेचे मूळ शोधतो, कुणी ते दारिद्र्यात शोधते, कुणी प्रकृतीत. त्यांचे लग्न झाले होते आणि त्याने त्यांच्या मनाला विसावा दिला नाही. ज्या घरात त्यांना ऊब मिळाली ते रक्ताचे नव्हते, जातीचे नव्हते, धर्माचेही नव्हते. लक्ष्मीबाईंनी रेखाटलेले बालकवी हे महाकवी नाहीत. घरातले एक हट्टी, लाघवी, घाबरट पोर आहे. समीक्षेने उभ्या केलेल्या बालकवींपेक्षा मला हे बालकवी अधिक खरे वाटतात. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. टिळकांच्या घराने त्यांना वाचवले असे म्हणता येत नाही. आतिथ्य हे औषध नव्हे. त्या पोराला काही काळ एक पानावर बसायची हक्काची जागा होती, एवढेच.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आतिथ्याचे गोडवे गाणारे लेखन ती नेमकी टाळते. स्वयंपाक कोण करीत होते? टिळक उदार होते, आणि त्यांची उदारता लक्ष्मीबाईंच्या श्रमांवर उभी होती. खिशातले पैसे वाटेतल्या गरजवंताला द्यायचे त्यांनी. संध्याकाळी चार पाने जास्त वाढायची यांनी. पुस्तकभर पसरलेला विनोद हे या ताणावर त्यांनी शोधलेले उत्तर आहे. तरी फरक आहे. वडिलांच्या घरी त्या जे राबल्या ते भयापोटी. नवऱ्याच्या घरी जे राबल्या त्यात त्या हळूहळू यजमानीण झाल्या. कुणाला ठेवायचे, कुणाला रागे भरायचे, कुणाच्या हाती केरसुणी द्यायची, हे त्या ठरवू लागल्या. घर आपले आहे याची खूण तीच.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तिथे बंधुत्वाची जागा होती. प्रस्थापित मंडळी त्यांना बहुधा पुरेशी मोकळी वाटत नव्हती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. त्यांच्या मागे लक्ष्मीबाई जवळजवळ सतरा वर्षे जगल्या, आणि आपण ज्या लेखिकेला मानतो ती या सतरा वर्षांतली आहे. हिंदू समाजातल्या तेव्हाच्या विधवेला जे माजघर नेमून दिलेले होते, त्यात त्या बसल्या नाहीत. कीर्तने केली, टिळकांनी अर्धे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन पुरे केले, आणि आपल्या आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ची भाषा बोलकी आहे असे आपण नेहमी म्हणतो. ती बोलकी का आहे याचे एक उत्तर असे की ती घरी आलेल्या माणसाशी बोलणाऱ्या बाईची भाषा आहे. वाचक तिथे पाटावर बसलेला असतो.

पंडिता रमाबाईंचे नाव या संदर्भात अपरिहार्य आहे, पण त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. १८८२ साली ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, एका लहान मुलीची आई असलेल्या या बाईने १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ आणि पुढे केडगावला ‘मुक्ती’ उभे केले. दुष्काळाच्या वर्षांत तिथे शेकडोंनी बायका-मुली आल्या. शारदा सदनात त्यांनी ब्राह्मण विधवांना आपला सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा ठेवू दिला होता, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पाहुण्याने आधी बदलावे आणि मग आत यावे, अशी अट त्यांनी घातली नाही. पुढे त्यावरून व्हायचा तो गदारोळ झालाच.

या सगळ्याचे मूळ ख्रिस्ती ग्रंथांत आहे काय? आहे, आणि ते वाटते त्यापेक्षा अधिक ठळक आहे. येशू ज्या घरी पुन्हा पुन्हा उतरताना दिसतो ते बेथानीचे घर मार्था, मरिया आणि लाजर या भावंडांचे. तिघांपैकी कुणाच्याही जोडीदाराचा उल्लेख नाही. यजमानपण तिथे मार्थाकडे आहे, आणि ‘मी एकटीच राबते’ ही तिची कुरकुरही तिथे नोंदलेली आहे. लक्ष्मीबाईंना ती जवळची वाटली असेल. पौल तर स्वतः अविवाहित. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो माणसांची नावे घेत सुटतो, आणि त्यात रूफ नावाच्या गृहस्थाच्या आईला सलाम सांगताना ती माझीही आई आहे असे म्हणतो. त्याच पत्रात तो आतिथ्याचा आग्रह धरतो. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘फिलोक्सेनिया’, म्हणजे परक्यावरचे प्रेम. आपला ‘अतिथी’ तिथी न पाहता येणारा. त्यांचा परका, ओळखीबाहेरचा. एका शब्दात वेळेचा विचार आहे, दुसऱ्यात नात्याचा.

परंतु आजच्या मराठी मंडळ्या या वारशाला जागतात असे सरसकट म्हणणे म्हणजे भाबडेपणा होईल. मी बाहेरून पाहते, तरी जे दिसते ते सांगते. महिला मंडळ असते, ते बहुतांशी विवाहितांचे. तरुण संघ असतो, त्यातून माणूस तिशीनंतर आपोआप गळतो. घरोघरी प्रार्थनासभा होतात, त्या ‘अमुक कुटुंबाच्या’ घरी. चाळिशीतल्या अविवाहित शिक्षिकेला किंवा रुग्णालयातल्या परिचारिकेला नेमके कुठे बसावे हे कळत नाही. तिच्यासाठी प्रार्थना मात्र होते, आणि ती बहुधा तिच्या लग्नासाठी असते. दोनचार पिढ्यांत जातीबाहेरच्या माणसांची मंडळी घराण्यांची मंडळी झाली. तिच्याही चोपड्या तयार झाल्या. हा दोष एकट्या ख्रिस्ती समाजाचा नाही. निराश्रितांनी वसवलेले प्रत्येक गाव स्थिरावले की वेस बांधते.

तरीही एक गोष्ट त्यांच्याकडे टिकून आहे, आणि ती इतरत्र मला सहसा आढळलेली नाही. एका वर्षी एका सहकारी बाईंनी मला त्यांच्या मंडळीच्या प्रीतिभोजनाला नेले. मी साडी नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन, पाहुणीसारखी गेले. सभागृहामागच्या पडवीत सातआठ माणसे भाज्या चिरत होती. माझ्या हातून पुडा घेतला गेला आणि समोर कांद्यांची परात व विळी आली. ‘टीचर, एवढे होतील ना तुमच्याने?’ असे एका आजींनी विचारले. पुढचा तासभर मी कांदे चिरले. कुणी मला ‘तुमच्या घरी कोण कोण?’ असे विचारले नाही. विचारले असेल तर डोळ्यांतल्या पाण्याच्या भरात मला ऐकू आले नाही. पंगत बसली तेव्हा मी वाढायला उभी होते. नाशिकमध्ये मी अनेक घरी जेवले आहे, प्रेमाने जेवले आहे. दुसऱ्याला वाढण्याची पाळी मात्र त्या दिवशी आली.

यावर आक्षेप येईल की एकटे राहणे आणि एकाकी असणे यांत गल्लत होते आहे. एकांत ही लेखकाची, अभ्यासकाची भूक असते, आणि आतिथ्याच्या नावाखाली तिच्यावर पुन्हा गर्दी लादायची काय? आक्षेप रास्त आहे. कुसुमाग्रजांचे उदाहरण त्याला उत्तर देते असे मला वाटते. १९७२ साली पत्नी गेल्या, मूलबाळ नव्हते. त्यानंतर १९९९ पर्यंत, सत्तावीस वर्षे, टिळकवाडीतल्या त्यांच्या घराचे दार नाशिककरांना उघडे होते. कवी येत, नाटकवाले येत, शाळेची मुले येत, नुसतेच बसायला येणारेही येत. तिथे चर्च नव्हते की प्रार्थना नव्हती. वाचनालय आणि लोकहितवादी मंडळ यांसारख्या संस्थांत गुंतलेली एका गावाची मंडळी होती. तात्यासाहेबांचा एकांत यामुळे उणा झाला असे त्यांचे उत्तरायुष्यातले लेखन सांगत नाही. यजमान एकटा असू शकतो, हे या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. तो पुरुष होता, प्रतिष्ठित होता, ज्ञानपीठाचा मानकरी होता, आणि घर स्वतःचे होते, या सवलती मात्र विसरता येणार नाहीत.

कारण घर हाच कळीचा मुद्दा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, रुग्णालयांत, महाविद्यालयांत खानदेशातून, नंदुरबारहून, मराठवाड्यातून आलेली किती तरी एकटी माणसे या शहरात राहतात. त्यांना जागा देताना पहिला प्रश्न ‘फॅमिली आहे का?’ असा असतो. नाही म्हटले तर भाडे चढते किंवा दार बंद होते. दार उघडलेच तर अटी येतात: रात्री पाहुणा नको, स्वयंपाकाचा गॅस नको, डबा लावा. डबा लावणाऱ्याला भूक भागवता येते, कुणाला जेवायला बोलावता येत नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमले. आपल्याकडे असा मंत्री झाला तर त्याने आधी भाडेकरारातली ही कलमे वाचावीत.

मंत्र्याची वाट न पाहता जे होऊ शकते ते लहान आहे. नाशिकमधल्या बहुतेक चर्चना सभागृह आहे, सभागृहामागे मोठी पातेली असलेले स्वयंपाकघर आहे; मंदिरांना, वाचनालयांना, ज्ञातिसंस्थांनाही आहे. आठवड्याचे सहा दिवस त्याला कुलूप असते. उपासनेनंतरच्या चहाची किंवा प्रीतिभोजनाची पाळी कुणाची, याची यादी फलकावर लागते, आणि तीत ओळीने आडनावे असतात: अमुक कुटुंब, तमुक कुटुंब. त्या यादीत एका ओळीवर एकाच माणसाचे नाव, संपूर्ण नाव, लिहावे. त्या आठवड्यात कुणाला बोलवायचे आणि काय शिजवायचे ते तिने किंवा त्याने ठरवावे. मदतीला चारजण लागतील, ते मंडळीने द्यावेत. आणि शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघराची किल्ली त्या माणसाच्या हाती असावी.